परसातील जास्वंद आणि परदेशी चिवटपणा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत अलीकडे नवी घरे पुष्कळ उठली आहेत. पुणे-नाशिक रस्त्याच्या अंगाने नारायणगाव व मंचर ही गावे तर शहराच्या तोऱ्याने वाढत चालली आहेत, आणि ओतूर, घोडेगाव यांसारखी जुनी गावेही त्यांच्यामागून निघाली आहेत. घर झाले की घरापुढे चार झाडे असावीत, अशी इच्छा आमच्या सुशिक्षित कुटुंबांत उत्पन्न होते, ही गोष्ट निःसंशय आनंदाची होय. परंतु या बागांत काय लावले जाते, आणि ते लावण्यासाठी काय उपटून टाकले जाते, हे जरा निरखून पाहिले म्हणजे तो आनंद फार वेळ टिकत नाही. परसातली तांबडी जास्वंद, जिच्याखाली भांड्यांचे पाणी जात असे आणि जिची फुले सकाळच्या पूजेला कधी कमी पडली नाहीत, ती प्रथम तोडली जाते. तिच्या जागी फरशी येते. फरशीवर कुंड्या येतात. कुंड्यांत पिवळ्या, नारिंगी, जांभळट अशा संकरित जास्वंदी येतात, आणि त्या वर्षा-दोन वर्षांत माना टाकू लागल्या म्हणजे कोणीतरी तज्ज्ञ मित्र सांगतो की, अहो, 'हार्डी हायबिस्कस' मागवा. ती चिवट असते, दरवर्षी पुन्हा फुटते. लगेच टपालाने बियांची पुडी घरपोच येते. पुडीवर ताटाएवढ्या फुलाचे चित्र असते.

या पुडीतल्या वनस्पतीवर आमचा काही राग नाही. ती अमेरिकेच्या पूर्वेकडील पाणथळ प्रदेशाची रहिवासी आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला 'हिबिस्कस मॉस्क्युटोस' म्हणतात. तिचे फूल खरोखरच 8 ते 10 इंच रुंदीचे भरते, आणि काही वाणांत त्याहूनही मोठे. तिकडे हिवाळ्यात बर्फ पडले की तिचा जमिनीवरचा सारा भाग मरून जातो. मुळे मात्र जमिनीत जिवंत राहतात आणि उन्हाळा लागताच नवे कोंब वर येतात. पारा शून्याखाली 25 अंश उतरला तरी तिची मुळे दगावत नाहीत. म्हणून त्या देशातील माळी तिला चिवट म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण या चिवटपणाची आम्हांला गरज काय? शिवनेरीच्या पायथ्याशी पौषात कडाक्याची थंडी पडते हे खरे; शेकोटीवाचून सकाळ निघत नाही. तरी आमच्या अंगणातील माती काही दगडासारखी गोठत नाही. जे संकट आमच्याकडे येतच नाही, त्या संकटावरचा उपाय आम्ही पैसे देऊन विकत घेतो! त्यातून ही बाई मूळची दलदलीची. तिच्या पायाशी सदा ओल हवी. वैशाखात जेथे पिण्याच्या पाण्याचे टँकर सुरू होतात, त्या बेल्हे-आळ्याच्या पट्टीत तिला कोठले पाणी घालणार? अणे-पठारावरील गृहस्थाने ताटाएवढ्या फुलाची आशा धरणे म्हणजे उंटाने होडी विकत घेण्यासारखेच आहे.

चिवटपणा हा शब्द आम्ही फार सैल वापरतो, आणि आमच्या साऱ्या तक्रारीचे मूळ तेथे आहे. वनस्पती चिवट आहे म्हणजे ती कशापुढे टिकते, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. अमेरिकेत तो प्रश्न बर्फाचा आहे. जुन्नर-आंबेगावात तो तीन गोष्टींचा आहे. चैत्र-वैशाखातले कोरडे ऊन, आषाढ-श्रावणातला पाऊस आणि जमिनीचा स्वभाव. पश्चिमेकडे भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या बाजूस पाऊस असा कोसळतो की झाडाच्या मुळांना श्वास घ्यायला फुरसत मिळत नाही. पूर्वेकडे तोच पाऊस दोन-दोन आठवडे तोंड दाखवीत नाही. वरच्या अंगाला तांबूस मुरमाड जमीन, खालच्या अंगाला काळी, चुनखडीची. एका तालुक्यात इतकी विविधता असताना जी वनस्पती दोन्हीकडच्या परसांत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, तिलाच या भूमीत चिवट हे विशेषण शोभेल. अशी वनस्पती आमच्याजवळ होती. ती गावठी तांबडी जास्वंद. तिला हिवाळ्यात मरून उन्हाळ्यात जिवंत होण्याचे नाटक करावे लागत नाही. ती बारा महिने हिरवी असते, आणि थोडी निगा राखली तर बारा महिने फुलते.

आता संकरित जास्वंदीविषयी. तिचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. डोळे असणारा कोणीही नाकारणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई बेटांतील हौशी बागवानांनी तिकडच्या निरनिराळ्या जातींचे संकर करण्याचा जो सपाटा लावला, त्यातून आजच्या रंगीबेरंगी वाणांपैकी बऱ्याच वाणांचा वंश निघाला आहे. एका फुलात तीन रंग, पाकळ्यांच्या कडांना झालर, आणि फूल एकाच्या ऐवजी दोन-तीन दिवस टिकते. परंतु या रूपाची किंमत झाडाच्या मुळांनी मोजलेली असते. यांपैकी अनेक वाण स्वतःच्या मुळांवर अशक्त राहतात. म्हणून त्यांचे कलम एखाद्या दणकट गावठी खुंटावर करावे लागते. म्हणजे पाहा, ज्या जास्वंदीला आम्ही जुनाट म्हणून परसातून हाकलले, तिच्यासारख्याच एखादीच्या खांद्यावर बसून ही नवी राणी आमच्या दारी येते! पुढे वरचे कलम मरते, खालचा खुंट फुटतो, त्याला साधी तांबडी फुले येतात, आणि घरचा मालक नर्सरीवाल्याने फसविले म्हणून ओरडत सुटतो.

शिवाय कुंडीतले हे झाड दुकानात जसे दिसते, तसे ते घरी राहणारच नसते. कुंडीतील जास्वंद ठेंगणी व गच्च फुललेली दिसावी म्हणून तिला वाढ रोखणारी द्रव्ये देण्याची रीत या व्यापारात जगभर रूढ आहे. त्या द्रव्यांचा अंमल उतरला की झाड लांबोळके होऊ लागते. रोप वाढलेले असते काथ्याच्या भुशात किंवा तांबड्या मातीच्या गोळ्यात, आणि बहुधा आंध्रातील कडियमसारख्या गोदावरीकाठच्या दमट हवेत. आम्ही तो गोळा तसाच काळ्या जमिनीत पुरतो. भोवतालची चिकण माती ओली दिसते, आतला गोळा मात्र कोरडा ठणठणीत. पाने पिवळी पडतात. मालक आणखी पाणी घालतो. मुळे कुजतात. भाद्रपदात गणपतीच्या निमित्ताने आणलेले झाड शिमग्यापर्यंत काटकी होते, आणि पुढच्या भाद्रपदात दुसरे येते. बहुवर्षायू वनस्पतीला आम्ही अशा रीतीने हंगामी करून सोडले आहे. झेंडूने एका हंगामात मरावे हा त्याचा धर्मच आहे. जास्वंदीने का मरावे?

येथवरचा वाद हौसेचा आणि पैशाचा झाला. ज्याची हौस त्याचा पैसा, असे म्हणून कोणीही तो मिटवू शकेल. परंतु याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे, आणि ती आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या ध्यानात आलेली नसावी. बाभळीला शेंगा आहेत, वडाला पाखरे आहेत. माणसाने दुर्लक्ष केले तरी त्यांची वंशवेल चालू राहते. अंबाडी, रानभेंडी या जास्वंदीच्या सोयऱ्यांनाही बी आहे. एका पावसाळ्यात त्या माळ भरून टाकतील. आमची तांबडी जास्वंद मात्र सहसा बी धरीत नाही. तिचे फूल एक दिवस उमलते, मिटते, गळून पडते. आणि जगात कोठेही ती रानटी स्थितीत आढळत नाही. फार प्राचीन काळी माणसाच्या हातून झालेला हा संकर असावा असे आता वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा जास्वंदीला रान नाही. तिचे सारे अस्तित्व माणसाच्या परसात आहे, आणि एका परसातून दुसऱ्या परसात ती जाते ती केवळ कोणीतरी फांदी तोडून देतो म्हणून. लेकीच्या सासरी गेलेली जास्वंद ही माहेरच्या जास्वंदीची मुलगी नसते. ती तीच असते, तिच्याच देहाचा एक तुकडा. आमच्या वाड्यातील जास्वंद आजेसासूबाईंनी लावली असे कोणी सांगते, तेव्हा त्या झाडाचे वय त्याहून किती शतकांनी जास्त आहे याची कल्पना सांगणाऱ्यालाही नसते. देणारे हात थांबले की ही परंपरा थांबते. मग तिला वाऱ्याने, पाखराने किंवा पावसाने पुन्हा आणून द्यावे अशी सोय निसर्गात नाही. फरशी बसविणाऱ्या गवंड्याने परसातली जास्वंद मुळासकट काढली, तेव्हा नुसते एक झुडूप गेले असे समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

यावर एक विद्वान आक्षेप नेहमी येतो. तो असा की, जास्वंद तरी कोठे आमची? तिच्या शास्त्रीय नावातच 'चीनचा गुलाब' आहे. मग एक परदेशी गेली आणि दुसरी परदेशी आली, तर आक्रोश कशाला? हे नाव लिनियसने 1753 साली दिले, आणि ते त्याला ठाऊक असलेल्या माहितीवरून दिले. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, मलबारातील डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या 'हॉर्टस मलबारिकस' या प्रचंड ग्रंथात केरळातील ही वनस्पती तिच्या तेथील नावासह नोंदली गेली होती. जपाकुसुम हा शब्द तर आमच्या शास्त्रकारांच्या तोंडी त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. नवग्रहस्तोत्रात सूर्याला तिची उपमा आहे. सांख्यांनी आणि वेदान्त्यांनी स्फटिकाजवळ ठेवलेल्या जपापुष्पाचा दृष्टान्त देऊन आत्म्यावर उपाधीचा रंग कसा भासतो हे समजाविले. (आमच्या नव्या बागवानांनाही हा दृष्टान्त थोडाफार लागू पडतो, जे चित्र जवळ आणावे त्याचा रंग त्यांच्या मनावर चढतो.) मूळ गाव कोणतेही असो, इतक्या काळात ती आमची झाली आहे. मलेशियाने तर 1960 साली तिला आपले राष्ट्रपुष्प केले, आणि तिचा जन्मदाखला कोणी मागितला नाही.

आणि परदेशी वनस्पतींचे आम्हांला वावडे आहे, असाही कोणी समज करून घेऊ नये. जुन्नर तालुक्याने हे प्रयोग पुष्कळांच्या आधी पाहिले आहेत. जुन्नरजवळ हिवरे येथे एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारची एक बाग होती. 1838 पासून सरकारी बागांची देखरेख डॉ. अलेक्झांडर गिब्सन याच्याकडे होती. औषधोपयोगी व परदेशी वनस्पती या हवेत कशा रुजतात याची परीक्षा तेथे होत असे. पुढे डालझेलबरोबर त्याने 1861 साली मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी रोप आणणे आणि ते रोप येथल्या हवेत काय करते हे वर्षानुवर्षे लिहून ठेवणे, ही एक गोष्ट. आणि पुडीवरचे चित्र पाहून मागविणे ही निराळी. पहिलीला आम्ही विद्या म्हणतो. दुसरीला काय म्हणावे हे वाचकांनीच ठरवावे. एखाद्या जिज्ञासूने खरोखरच ती अमेरिकन जास्वंद लावून तीन-चार वर्षे तिची टिपणे ठेवली, तर तिचा वृत्तान्त आम्ही आनंदाने वाचू.

या तालुक्यात तर या विषयाला आणखी एक अंग आहे. अष्टविनायकांपैकी दोन, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर, एकट्या जुन्नर तालुक्यात आहेत. तांबडी जास्वंद हे गणपतीचे आवडते फूल, हे तर पोरेही जाणतात. अशा तालुक्यात गणेश चतुर्थीच्या सकाळी शिकल्यासवरल्या घरची मंडळी पाच फुलांसाठी बाजारात धावतात, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोमेजलेल्या कळ्या घेऊन येतात, याला काय म्हणावे? झेंडू क्रेटमध्ये भरून मुंबईला पाठविता येतो. शेवंतीही प्रवास सोसते. जास्वंद मुळी प्रवासाचे फूलच नव्हे. सकाळी उमलावे, हाताने खुडावे, दहा पावलांवर देवाला वाहावे, संध्याकाळी मिटावे, असा तिचा एका दिवसाचा संसार. तिला व्यापार फारसा मानवत नाही, आणि म्हणूनच ती घरी असली पाहिजे. धर्मश्रद्धा नसलेल्या वाचकास हा मुद्दा गौण वाटेल. त्यांच्यासाठी इतकेच सांगतो की, सकाळी उठून फूल पाहायलाही ती जवळच हवी.

आता ज्या आक्षेपाला आम्ही खरोखर मान देतो, तो द्राक्षबागाईतदारांचा. नारायणगाव आणि जुन्नरच्या आसपास द्राक्षाचे पीक मोठे आहे, आणि द्राक्षावरचा जो पिठ्या ढेकूण बागाईतदाराची झोप उडवितो, तो जास्वंदीवरही हटकून पडतो. इंग्रजीत तर त्या किडीच्या नावातच जास्वंद आहे. म्हणून बागेच्या कडेला जास्वंद नको, असे बागाईतदार म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. द्राक्षाच्या बांधावर जास्वंद लावण्याचा सल्ला आम्ही कोणालाही देणार नाही, आणि लावली असेल तर ती काढावी. परंतु या सत्याचा आधार घेऊन मंचरच्या भर वस्तीतील, जेथून द्राक्षाचा वेल दृष्टीसही पडत नाही अशा घराची जास्वंद उपटणे हा निव्वळ आळस होय. पिठ्या ढेकणाला मुंग्या पोसतात. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी त्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकून लावतात. तेव्हा खोडावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त हा पहिला इलाज. चुरगळलेले, पांढरे पडलेले शेंडे कापून जाळावेत; उरलेल्या भागावर पाण्याची जोरदार धार मारावी, मग साबणाचे सौम्य पाणी किंवा निंबोळीचा अर्क फवारावा. क्रिप्टोलेमस नावाचा एक ढालकिडा या किडीचा कर्दनकाळ आहे. मूळचा तो ऑस्ट्रेलियाचा. द्राक्षबागांत त्याला मुद्दाम सोडण्यात येते. मात्र त्याच्या अळ्या दिसायला थेट पिठ्या ढेकणासारख्याच पांढऱ्या, मेणकट असतात, आणि अडाणी हात त्यांनाच आधी चिरडतात. आकाराने मोठ्या आणि चपळ पळणाऱ्या दिसल्या तर त्यांना हात लावू नये. एवढे लक्ष ज्याला देववत नाही त्याने कोणतेच झाड लावू नये. संकरित जास्वंदीला तर हीच कीड पडते, आणि ती बिचारी तिच्यापुढे लवकर हार खाते.

जागा नाही, हा आक्षेप मात्र आम्हांला मुळीच मान्य नाही. मोटार उभी करण्यास जागा आहे, तिच्याभोवती सिमेंटचे ठोकळे बसविण्यास जागा आहे, आणि 2 फूट लांबीरुंदीची उघडी माती ठेवण्यास जागा नाही, असे म्हणणारा मनुष्य जागेबद्दल बोलत नसून चिखलाच्या भीतीबद्दल बोलत असतो. पाने गळतात, अंगण घाण होते, ही तक्रार आम्ही ऐकली आहे. पाने गळतात, कारण झाड जिवंत आहे. सदनिकेत राहणाऱ्यांची अडचण खरी. त्यांनी दीड फूट तोंडाची खोल कुंडी घ्यावी, ऊन येणाऱ्या सज्ज्यात ठेवावी, आणि गावठी जास्वंदच लावावी. दोन-तीन वर्षांनी मुळे छाटून माती बदलली की ती पुन्हा ताजी होते.

लावण्याची रीत आमच्या आज्यांना पाठ होती. आता ती लिहून ठेवण्याची वेळ आली आहे म्हणून लिहितो. पावसाने जम धरला की पेन्सिलीएवढ्या जाडीची, धड कोवळी नव्हे आणि धड जून नव्हे अशी फांदी निवडावी. 6 ते 8 इंचांचा तुकडा डोळ्याच्या खाली तिरपा कापावा, शेंड्याची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढावीत. खालचे दोन-तीन डोळे मातीत जातील असा तो रेतीमिश्रित मातीत, सावलीत खोचावा आणि हलवून पाहण्याचा मोह टाळावा. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. कायमच्या जागी दिवसातून पाच-सहा तास ऊन हवे; भिंतीच्या सावलीत झाड जगते, पण फुलत नाही. काळ्या जमिनीत हातभर खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम, शेणखत आणि पालापाचोळा मिसळावा, आणि पावसाचे पाणी बुडाशी साचू नये म्हणून अळे जरा उंच घ्यावे. चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडू लागले, तर तो लोहाचा तुटवडा समजावा. पालापाचोळ्याचे खत वाढवावे आणि हिराकस अगदी अल्प प्रमाणात पाण्यातून द्यावा. उन्हाळ्यात एक दिवस पूर आणि चार दिवस दुष्काळ असे केल्यास कळ्या गळतात. पाणी थोडे पण नियमित असावे. आणि छाटणीला भिऊ नये. जास्वंदीला फूल येते ते नव्या फुटीवर; माघाच्या अखेरीस एक-तृतीयांश झाड निर्दयपणे कापले, म्हणजे चैत्रात ते भरून येते.

छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकण्याची रीत अलीकडची आहे. माघातल्या फांद्याही, जरा अधिक सावली आणि पाणी दिले तर, पुष्कळशा जगतात. गावठी तांबडी जास्वंद आता नर्सरीत मागितली तर बरेच वेळा मिळत नाही. तिला खप नाही असे सांगतात. पण जुन्नर पेठेतील जुन्या वाड्यांच्या मागीलदारी, घोडेगावच्या आळ्यांत, ओतूरच्या परसांत ती अजून उभी आहे. दार वाजवून मागावी. फांदी मागितली आणि नाही म्हणाली, अशी गृहिणी या दोन तालुक्यांत आम्हांला अद्याप भेटलेली नाही. उलट, ही घ्या आणि ही पांढरीही न्या, म्हणून तिने दुसरी फांदी वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिलेली आहे.